स्तोत्रसंहितेपासून जपमाळेपर्यंत : कॅथलिक दैनंदिन उपासनेची घडण

धर्माच्या अभ्यासाचा आरंभ आपण बहुधा ग्रंथापासून करतो. सिद्धान्त ग्रंथात असतो, वाद ग्रंथात नोंदलेला असतो आणि ग्रंथाचा काळही बव्हंशी ठरविता येतो. तेव्हा ही पद्धती स्वाभाविकच होय. परंतु ज्या समाजातील फार मोठा वर्ग शतकानुशतके निरक्षर होता, त्याच्या रोजच्या धर्मजीवनाचे आकलन केवळ ग्रंथांवरून होत नाही. कॅथलिक ख्रिस्ती समाजातील जपमाळ, त्रिकाल घंटेची प्रार्थना, क्रूसाची वाट आणि आत्मपरीक्षण या उपासनांची गणना पुष्कळदा 'लोकभक्ती' या सदरात केली जाते व धर्मशास्त्राच्या तुलनेने त्यांना गौण स्थान मिळते. या उपासनांवरचा आक्षेपही जुनाच आहे. एकच वाक्य पन्नास वेळा उच्चारल्याने आत्म्याचे पोषण कसे व्हावे? मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशूने शब्दबाहुल्याच्या प्रार्थनेचा निषेध केला आहे, आणि सोळाव्या शतकातील धर्मसुधारकांनी जपमाळेवर टीका करताना याच विचाराचा आधार घेतला. मात्र त्या निषेधापाठोपाठ त्याच अध्यायात येशूने शिष्यांना ठराविक शब्दांची एक प्रार्थना दिली आहे, हेही विसरता येत नाही.

या उपासना म्हणजे मठातील ग्रंथाधिष्ठित प्रार्थनेचे ग्रंथाविना केलेले रूपांतर होय, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. ज्याच्या हाती पोथी नव्हती व असती तरी जो ती वाचू शकला नसता, त्याच्यासाठी पोथीचे कार्य मण्यांनी, घंटेने व पावलांनी केले. हे ध्यानात घेतले म्हणजे पुनरुक्तीचा प्रश्न निराळ्या प्रकाशात दिसू लागतो.

मठातील प्रहर

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी इटलीत मठवासीयांसाठी जी नियमावली रचली, तिने पाश्चात्त्य ख्रिस्ती जगातील प्रार्थनेला निश्चित आकार दिला. दिवसा सात वेळा व रात्री एकदा मठवासीयांनी एकत्र जमावे आणि स्तोत्रसंहितेतील दीडशे स्तोत्रे आठवड्यात एकवार पूर्ण करावीत, अशी तिची योजना आहे. स्तोत्रांचा क्रम बदलण्यास बेनेडिक्ट यांनी मुभा ठेवली. दीडशे स्तोत्रांचा आठवड्याचा नेम मात्र ढळू नये, असा त्यांचा आग्रह होता. पूर्वीचे साधक हेच एका दिवसात करीत असत, याची आठवणही त्यांनी करून दिली आहे.

या प्रार्थनेचे मर्म काळाच्या विभागणीत आहे. शेतावरचे काम, वाचन, भोजन व निद्रा यांच्यामध्ये ठराविक अंतराने प्रार्थना येते आणि दिवसाचा कोणताही भाग तिच्यापासून फार दूर राहत नाही. परंतु तिच्यासाठी दोन गोष्टी अवश्य होत्या : लॅटिनचे ज्ञान आणि एकतर पोथी अथवा दीर्घ पाठांतर. मठात श्रमाची कामे करणाऱ्या अनेक बंधूंपाशी यांपैकी काहीच नव्हते. त्यांच्यासाठी जो पर्याय निघाला, त्यात पुढील सर्व विकासाचे बीज आहे.

मणी आणि संख्या

हा पर्याय संत फ्रान्सिस यांच्या संघाच्या १२२३ च्या नियमावलीत स्पष्ट दिसतो. शिक्षित बंधूंनी प्रहरांची प्रार्थना म्हणावी. इतरांनी प्रभूची प्रार्थना रात्रीच्या प्रहरी चोवीस वेळा, पहाटे पाच वेळा, दिवसाच्या चार प्रहरी प्रत्येकी सात वेळा, सायंकाळी बारा वेळा आणि निजण्यापूर्वी सात वेळा म्हणावी, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे स्तोत्रांऐवजी दिवसाकाठी शहात्तर वेळा एकच प्रार्थना. येथे शब्द बदलले, काळाची चौकट मात्र तीच राहिली.

मोजण्याची गरज आली तेथे माळ आली. सुमारे १२६८ मध्ये संकलित झालेल्या पॅरिसच्या कारागीरसंघांच्या नियमसंग्रहात अशा माळा करणाऱ्यांचे वेगवेगळे संघ नमूद आहेत. कोणी हाडाच्या व शिंगाच्या, कोणी पोवळ्याच्या, तर कोणी अंबराच्या माळा करीत. इंग्रजीतील 'बीड' या शब्दाचा मूळ अर्थ 'प्रार्थना' असा होता. तो पुढे प्रार्थना मोजण्याच्या मण्याला लागला. क्रियेचे नाव साधनाला मिळावे, इतके ते साधन सर्वपरिचित झाले होते.

प्रभूच्या प्रार्थनेबरोबर 'नमो मरिया' ही प्रार्थनाही प्रचारात आली. तिचा पूर्वार्ध लूककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातील दोन अभिवादनांचा मिळून झाला आहे : एक देवदूताचे, दुसरे एलिझाबेथचे. उत्तरार्धातील विनवणी नंतरची असून तिचे आजचे रूप १५६८ च्या रोमन प्रार्थनासंहितेत स्थिर झाले. दीडशे स्तोत्रांच्या जागी दीडशे वेळा 'नमो मरिया' म्हणण्याच्या प्रघातास 'मरियेची स्तोत्रसंहिता' असे नाव पडले. या नावातच त्याची वंशावळ सांगितली आहे.

जपमाळ पवित्र मरियेने संत डॉमिनिक यांना प्रत्यक्ष दिली, ही परंपरागत कथा प्रसिद्ध आहे. परंतु तेराव्या शतकातील साधनांत तिला आधार सापडत नाही. तिचा प्रसार पंधराव्या शतकात मुख्यतः आलँ द ला रोश या डॉमिनिकन उपदेशकाने केला. विकासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे पाऊल त्याच शतकाच्या पूर्वार्धात ट्रियर येथील कार्थुसियन मठात पडले होते. तेथील प्रशियाचा डॉमिनिक या मठवासीयाने पन्नास 'नमो मरियां'पैकी प्रत्येकीला येशूच्या चरित्रातील एकेका प्रसंगाचे लहानसे वाक्य जोडले. येथे केवळ मोजणी मागे पडली व मनन पुढे आले. जीभ परिचित शब्द म्हणते आणि मन प्रसंगाकडे वळते, ही जपमाळेची आंतरिक रचना यातून सिद्ध झाली.

१४७५ मध्ये कलोन येथे जपमाळेचा भक्तसंघ स्थापन झाला आणि १५६९ मध्ये पोप पाचवे पायस यांनी या उपासनेला अधिकृत मान्यता दिली. आनंदाची, दुःखाची व गौरवाची प्रत्येकी पाच अशी पंधरा रहस्ये रूढ झाली. प्रत्येक रहस्यास एकदा प्रभूची प्रार्थना, दहा वेळा 'नमो मरिया' व शेवटी त्रैक्याचा गौरव, असा क्रम आहे. जन्मापासून पुनरुत्थानापर्यंतची कथा ज्याने कधी वाचली नाही, त्याच्या मनात ती या क्रमाने आयुष्यभर फिरत राहिली.

संख्या व मनन यांतील ताण मात्र कधीच पूर्णपणे मिटला नाही. पोप सहावे पॉल यांनी १९७४ च्या आपल्या उपदेशपत्रात जपमाळेला मूलतः शुभवर्तमानाची प्रार्थना मानले आणि मननावाचून तिचे पठण निष्प्राण होते, असा इशारा दिला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००२ मध्ये येशूच्या सार्वजनिक कार्यातील पाच प्रसंग 'प्रकाशाची रहस्ये' म्हणून सुचविले. त्यामुळे रहस्ये वीस व 'नमो मरिया' दोनशे झाल्या. दीडशेचा प्राचीन मेळ त्यामुळे सुटला. परंतु बाप्तिस्म्यापासून शेवटच्या भोजनापर्यंतचा जो भाग मननातून गळला होता, तो भरून निघाला. संख्या व आशय यांत निवड करावयाची वेळ आली, तेव्हा आशयाला अग्रमान मिळाला, हे येथे लक्षणीय आहे.

घंटा, वाट आणि हिशेब

जपमाळेने स्तोत्रांची जागा घेतली, तशी प्रहरांची जागा घंटेने घेतली. सायंकाळची घंटा वाजली की तीनदा 'नमो मरिया' म्हणण्याच्या प्रघातास चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात पोप बाविसावे जॉन यांनी उत्तेजन दिले. मध्यान्हीच्या घंटेला १४५६ मध्ये पोप तिसरे कॅलिक्स्टस यांच्या आज्ञेने चालना मिळाली. त्या वेळी ऑटोमन सैन्य हंगेरीच्या सीमेवर होते आणि संकटनिवारणाची प्रार्थना व्हावी, हा तिचा हेतू होता. प्रसंग सरला, घंटा राहिली. सकाळ, दुपार व संध्याकाळ अशी ही त्रिकाल प्रार्थना पुढे 'अँजेलस' या नावाने स्थिरावली. तिच्यातील तीन लहान वचनांत देवदूताचा निरोप, मरियेचा होकार आणि शब्दाचे देह धारण करणे एवढेच येते. नांगर थांबवून शेतातच ती म्हणता येते. फ्रेंच चित्रकार मिये याने १८५७ ते १८५९ या काळात काढलेल्या प्रसिद्ध चित्रात हाच क्षण आहे : बटाट्यांच्या शेतात टोपली खाली ठेवून मान लववून उभे राहिलेले दोघे.

क्रूसाची वाट ही यात्रेचे रूपांतर होय. जेरुसलेमला जाऊन येशूच्या अखेरच्या मार्गावरून चालणे थोड्यांनाच शक्य होते. तेव्हा ती वाट गावच्या चर्चच्या भिंतींवर आणली गेली. १७३१ मध्ये पोप बारावे क्लेमेंट यांनी तिची स्थाने चौदा अशी निश्चित केली. यांतील तीन वेळचे पतन, मातेची भेट व वेरोनिकेचा प्रसंग शुभवर्तमानांत नाहीत. ते परंपरेने जोडले आहेत. म्हणूनच १९९१ च्या शुभ शुक्रवारी पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोममधील कोलोसियम येथे केवळ बायबलाधारित स्थानांचा क्रम योजिला. परंपरा व मूळ ग्रंथ यांचा असा संवाद या उपासनांच्या इतिहासात वारंवार आढळतो.

आत्मपरीक्षणाचा मार्ग याहून निराळा आहे. संत इग्नेशियस लोयोला यांच्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथाला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. त्यात परीक्षणाच्या पाच पायऱ्या आहेत : उपकारांचे स्मरण, दोष ओळखण्यासाठी कृपेची याचना, दिवसाचा तपशीलवार आढावा, क्षमायाचना आणि सुधारणेचा निश्चय. एखादा विशिष्ट दोष घालविण्यासाठी त्यांनी एक रेषांकित आराखडाही दिला आहे. आठवड्याच्या सात दिवसांच्या रेषांवर प्रत्येक स्खलनासाठी एक ठिपका द्यावयाचा आणि आजचे ठिपके कालच्यांशी ताडून पाहावयाचे. व्यापाऱ्याने रोजकीर्द ठेवावी, तसा हा हिशेब आहे. येशूसंघाच्या सभासदांवर प्रहरांची सामुदायिक प्रार्थना गाण्याचे बंधन नव्हते. ते रस्त्यावर, शाळेत, जहाजावर असत. मठ सोडून बाहेर पडलेल्या अशा माणसाचा दिवस विखुरला जाऊ नये, हे कार्य या परीक्षणाने केले.

मराठी व कोंकणी भूमीत

या उपासना पश्चिम किनाऱ्यावर आल्या तेव्हा ग्रंथ व श्रवण यांचा प्रश्न नव्या भाषेत उभा राहिला. १५४२ मध्ये गोव्यास आलेले संत फ्रान्सिस झेवियर रस्त्यांतून घंटा वाजवीत मुलांना गोळा करीत व त्यांच्याकडून प्रार्थना पाठ करून घेत. त्यानंतर १५७९ मध्ये इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स गोव्यास आले. त्यांचे मराठी ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले, तर कोंकणीतील त्यांची 'दौत्रिन क्रिस्तां' ही धर्मशिक्षणाची पुस्तिका त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये प्रसिद्ध झाली. पुराणे ऐकण्याची सवय असलेल्या नवख्रिस्ती समाजाला ऐकण्याजोगे पुराणच हवे होते, ही त्यामागील जाणीव आहे. अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचा हा ग्रंथ छापला गेला खरा. परंतु त्याचा बहुसंख्य समाज वाचकांचा नसून श्रोत्यांचा होता. युरोपात निरक्षरांसाठी मण्यांनी जे केले, त्याच्याशी नाते सांगणारे काम येथे ओवीने केले.

गोव्यातील ख्रिस्ती घरांत सायंकाळी म्हटल्या जाणाऱ्या जपमाळेला कोंकणीत 'तेर्स' म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज 'तेर्सु'वरून आला असून त्याचा अर्थ 'तिसरा भाग' असा आहे. दीडशेचा तिसरा भाग म्हणजे पन्नास. एका बैठकीला म्हणावयाच्या पाच रहस्यांतील 'नमो मरिया' तेवढ्याच. २००२ नंतरच्या हिशेबाने हा भाग चौथा झाला आहे, तरी घरात नाव तेर्स हेच आहे. बेनेडिक्टच्या मठातील दीडशे स्तोत्रांची स्मृती अशा रीतीने एका कोंकणी शब्दात जिवंत आहे. तो उच्चारणाऱ्यास मात्र तिचा पत्ता असतोच असे नाही.

समारोप

१९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनाविधीविषयक जो दस्तऐवज स्वीकारला, त्याने लोकभाषांना वाव दिला, सामान्य भाविकांनीही प्रहरांची प्रार्थना म्हणावी असे सुचविले आणि लोकभक्तीच्या उपासनांनी मुख्य विधीशी सुसंगत राहावे, असे सांगितले. पुढे दीडशे स्तोत्रांचा आठवड्याचा नेम चार आठवड्यांवर विभागला गेला. ज्या पोथीच्या अभावी जपमाळ जन्मास आली, ती आता भाविकाच्या भाषेत व त्याच्या हाती आहे. तरीही जपमाळ लोपली नाही. यावरून असे म्हणावे लागते की निरक्षरता हे तिच्या उदयाचे निमित्त होते, तिच्या टिकण्याचे कारण नव्हे. थकलेल्या, आजारी अथवा शोकग्रस्त माणसाला नवे शब्द सुचत नाहीत. तेव्हा पाठ झालेले शब्द त्याला आधार देतात. पुनरुक्ती मनाला जखडते तेव्हा ती व्यर्थ होय; ती मनाला मननासाठी मोकळे करते तेव्हा ते पोषण होय. दोहोंतील सीमारेषा शब्दांत नाही, म्हणणाऱ्याच्या अवधानात आहे. आणि म्हणूनच ती केवळ ग्रंथावरून ठरविता येत नाही.

संशोधकाच्या दृष्टीने यातून एक कर्तव्य निष्पन्न होते. वसईकडील सामवेदी व वाडवळी बोलींत आणि गोव्याच्या कोंकणीत घरोघरी म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनांचे पाठ, त्यांतील पोर्तुगीज व लॅटिन शब्दांची रूपे, त्यांचे सूर व वेळा यांचा पद्धतशीर संग्रह होणे अगत्याचे आहे. छापील पुस्तक ग्रंथालयात राहील. आजीच्या तोंडचा पाठ तिच्याबरोबर जातो, आणि त्याची दुसरी प्रत नसते.