इंटरनेट डेटा एक्सचेंज

इंटरनेट डेटा एक्सचेंज (संक्षिप्त रूप: आयडीएक्स) ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील स्थावर मालमत्ता व्यवसायात रूढ असलेली माहिती-विनिमयाची व्यवस्था आहे. एका दलालाने विक्रीस काढलेल्या घराची नोंद, त्याच सामायिक नोंदसेवेचे सदस्य असलेले अन्य दलाल या व्यवस्थेनुसार आपापल्या संकेतस्थळांवर दाखवू शकतात. त्यामुळे दोन-चार घरांचे काम हाती असलेल्या लहान दलालाच्या संकेतस्थळावरही संपूर्ण शहरातील घरे शोधता येतात.

नोंदी मिळवणे, त्या सतत अद्ययावत ठेवणे आणि त्यांवर शोधाची सोय उभारणे हे तांत्रिक काम बहुतेक दलाल स्वतः करत नाहीत. त्यासाठी ते आयडीएक्स पुरवठादार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीची सेवा घेतात. दाखवलेली घरे खरोखर उपलब्ध असणे, नियमांचे पालन होणे आणि ग्राहकांच्या चौकशा दलालाच्या हाती राहणे या तिन्ही बाबी पुरवठादाराच्या निवडीवर अवलंबून असतात.

## पार्श्वभूमी

अमेरिकेत घर विकू इच्छिणारी व्यक्ती सामान्यतः एकाच दलालाशी ठरावीक मुदतीचा करार करते. तो दलाल घराची नोंद स्थानिक सामायिक नोंदसेवेत, म्हणजे मल्टिपल लिस्टिंग सर्व्हिस किंवा एमएलएसमध्ये करतो आणि इतर दलाल आपल्या ग्राहकांना ते घर दाखवतात. या पद्धतीची मुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आढळतात. त्या काळी दलाल स्थानिक संघटनेच्या कार्यालयात जमून आपापल्याकडील घरांची माहिती एकमेकांना देत असत. पुढे छापील पुस्तके आली व त्यानंतर संगणकीय नोंदी सुरू झाल्या. दलालांची राष्ट्रीय संघटना नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स (एनएआर) हिची स्थापना १९०८ साली शिकागो येथे झाली.

संपूर्ण देशासाठी एकच नोंदसेवा अस्तित्वात नाही. काहीशे प्रादेशिक सेवा असून प्रत्येकीचे सदस्यत्व, शुल्क आणि नियम वेगळे आहेत. महाजालाच्या प्रसारानंतर या नोंदी सर्वसामान्यांना दाखवाव्यात की नाहीत, हा प्रश्न पुढे आला. आपल्या ग्राहकाचे घर प्रतिस्पर्ध्याच्या संकेतस्थळावर दिसावे, हे अनेक दलालांना मान्य नव्हते. परस्पर संमतीने हा प्रश्न सोडवण्यासाठी एनएआरने २००० च्या दशकाच्या आरंभी आयडीएक्स धोरण लागू केले. जो दलाल इतरांच्या नोंदी दाखवू इच्छितो, त्याने आपल्या नोंदी इतरांना दाखवू द्याव्यात, हे त्याचे मूळ तत्त्व होय.

## कार्यपद्धती

या व्यवस्थेत तीन घटक असतात: नोंदी साठवणारी एमएलएस, त्या घेऊन शोधण्याजोग्या करणारा पुरवठादार आणि ज्याच्या संकेतस्थळावर त्या दिसतात तो दलाल. नोंदींच्या वापराचा परवाना एमएलएस देते आणि त्यासाठी अनेकदा तिन्ही पक्षांमध्ये करार होतो. दलालाने एमएलएसचे सदस्यत्व सोडल्यास त्याचा प्रदर्शनाचा हक्क संपतो. पुरवठादाराकडे नोंदींची मालकी कधीच नसते.

माहितीच्या देवाणघेवाणीसाठी १९९९ साली रेट्स हे मानक तयार झाले. त्यात पुरवठादार ठरावीक अंतराने नोंदी उतरवून घेऊन स्वतःच्या सर्व्हरवर त्यांची प्रत ठेवत असे. मात्र निरनिराळ्या एमएलएस एकाच गोष्टीला निरनिराळी नावे देत. शयनकक्षांच्या संख्येचा रकाना एका ठिकाणी एका नावाने, तर दुसरीकडे भलत्याच संक्षेपाने असे. प्रत्येक नवीन प्रदेशासाठी पुरवठादाराला जुळणीचे काम नव्याने करावे लागे. रेसो या मानक-संस्थेने रकान्यांची सामायिक नावे ठरवणारा डेटा शब्दकोश आणि रेसो वेब एपीआय हे नवे मानक पुढे आणले. २०१८ नंतर रेट्सचा विकास थांबला. वेब एपीआयमुळे संपूर्ण प्रत न ठेवता हवी तेवढीच माहिती थेट मागवणे शक्य झाले.

## संकेतस्थळाशी जोडणीचे प्रकार

* चौकट पद्धत: पुरवठादाराचे पान दलालाच्या पानात एका चौकटीत दाखवले जाते. ही पद्धत स्वस्त व सोपी आहे. परंतु चौकटीतील मजकूर मूळ पत्त्याचा, म्हणजे पुरवठादाराचा, मानला जात असल्याने शोधयंत्रांत त्याचा लाभ दलालाला सहसा मिळत नाही.
* उपडोमेन पद्धत: शोधाची पाने दलालाच्या डोमेनच्या एका उपविभागावर असतात; ती प्रत्यक्षात पुरवठादाराच्या सर्व्हरवरून येतात.
* प्लगइन पद्धत: वर्डप्रेससारख्या प्रणालीत जोडणी बसवून प्रत्येक घराचे पान दलालाच्याच डोमेनवर तयार केले जाते.
* थेट एपीआय: दलाल किंवा त्याचा आज्ञावलीकार माहिती थेट मिळवून शोधसुविधा स्वतः बांधतो. यात स्वातंत्र्य सर्वाधिक असले, तरी नियमपालन आणि देखभाल यांचा भारही स्वतःवरच येतो.

## पुरवठादाराची निवड

### क्षेत्रव्याप्ती

दलाल ज्या एमएलएसचा सदस्य आहे तिच्याकडून पुरवठादाराला मान्यता आहे का, हा पहिला निकष होय. राज्याच्या सीमेवर किंवा महानगरांत काम करणारे दलाल एकाहून अधिक सेवांचे सदस्य असतात. अशा वेळी सर्व नोंदी एकाच शोधात दिसतात की प्रत्येक प्रदेशासाठी वेगळा शोध करावा लागतो, हे पाहणे आवश्यक ठरते. एकच घर दोन सेवांत नोंदवलेले असल्यास ते दोनदा दिसू नये, यासाठी पुनरुक्ती काढण्याची सोय लागते.

### नोंदींचा ताजेपणा

एनएआरच्या धोरणानुसार नोंदी किमान दर १२ तासांनी अद्ययावत कराव्या लागतात. ही किमान मर्यादा आहे. तेजीच्या बाजारात घर एका दिवसातही विकले जाऊ शकते. विकले गेलेले घर उपलब्ध दिसत राहिल्यास खरेदीदाराचा वेळ वाया जातो व दलालावरील विश्वास कमी होतो. माहिती एमएलएसकडून थेट न येता मधल्या संकलकामार्फत येत असेल, तर विलंबांची बेरीज होते. संकलक दर ६ तासांनी आणि पुरवठादार दर १२ तासांनी माहिती घेत असल्यास एखादा बदल संकेतस्थळावर दिसण्यास १८ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. म्हणून पुरवठादाराने सांगितलेल्या आकड्यावर विसंबण्याऐवजी, नुकतीच किंमत बदललेली काही घरे एमएलएसमध्ये व नमुना संकेतस्थळावर ताडून पाहणे अधिक विश्वसनीय ठरते.

### शोधाची गुणवत्ता

किंमत, क्षेत्रफळ व खोल्या यांवरील गाळणी जवळपास सर्वत्र असते. फरक नकाशावरील शोधात दिसून येतो. ग्राहकाला नकाशावर स्वतः सीमा आखता येणे, शाळेच्या हद्दीनुसार शोधता येणे, शोध जतन करून नवीन घरांची सूचना ईमेलने मिळणे या सोयींना मागणी असते. पत्त्यावरून नकाशातील स्थान ठरवताना चुका होतात. चुकीच्या ठिकाणी दिसणारे घर आखलेल्या सीमेबाहेर पडते आणि शोधात येतच नाही. त्या दुरुस्त करण्याचा मार्ग आहे का, हे करारापूर्वी विचारणे उपयुक्त असते. भ्रमणध्वनीवरील वेग आणि दृष्टिबाधित व्यक्तींसाठीची सुलभता हेही याच निकषात मोडतात.

### चौकशांची मालकी

शोध घेणाऱ्या व्यक्तीने आपले नाव व संपर्क नोंदवला की ती चौकशी दलालासाठी सर्वांत मौल्यवान ठरते. ही माहिती कोणाच्या मालकीची, पुरवठादार ती इतरत्र वापरू शकतो का आणि करार संपल्यावर ती कोणत्या स्वरूपात परत मिळते, ही कलमे लेखी असणे महत्त्वाचे असते. जतन केलेले शोध आणि घरांच्या पानांचे पत्तेदेखील पुरवठादाराच्या प्रणालीशी बांधलेले असतात. सेवा बदलल्यास ते तुटतात आणि शोधयंत्रांत वर्षानुवर्षे मिळवलेले स्थान गमवावे लागू शकते.

पुरवठादाराची मालकी बदलण्याची शक्यताही विचारात घ्यावी लागते. डायव्हर्स सोल्यूशन्स ही आयडीएक्स कंपनी २०११ साली झिलोने, तर शोकेस आयडीएक्स ही २०२० साली ईएक्सपी या मोठ्या दलाली संस्थेच्या मूळ कंपनीने विकत घेतली. अशा व्यवहारानंतर दलालाच्या ग्राहकांची माहिती हाताळणारी यंत्रणा त्याच बाजारातील प्रतिस्पर्ध्याच्या समूहात जाऊ शकते.

### खर्च

मासिक शुल्काव्यतिरिक्त उभारणीचे शुल्क, प्रत्येक अतिरिक्त एमएलएससाठीचा आकार, एमएलएस स्वतः आकारत असलेले माहिती-शुल्क आणि प्रत्येक एजंटमागील रक्कम असे घटक असू शकतात. त्यामुळे तुलना वार्षिक एकूण खर्चावर केली जाते.

## प्रदर्शनाचे नियम

नियमांचा भंग झाल्यास त्याची जबाबदारी पुरवठादारावर नव्हे, तर सदस्य असलेल्या दलालावर येते. प्रमुख नियम पुढीलप्रमाणे आहेत.

* प्रत्येक घरासोबत ते नोंदवणाऱ्या दलाली संस्थेचे नाव व संपर्क ठळकपणे, वाचता येईल अशा अक्षरांत द्यावा लागतो.
* घर दाखवण्याविषयीच्या गोपनीय सूचनांसारखी अंतर्गत माहिती प्रसिद्ध करता येत नाही.
* विक्रेत्याने महाजालावर घर किंवा पत्ता दाखवण्यास नकार दिल्यास तो पाळावा लागतो. घराखालील अभिप्राय व स्वयंचलित किंमत-अंदाज बंद ठेवण्याची मागणीही विक्रेता करू शकतो.
* प्रदेश, किंमत, मालमत्तेचा प्रकार अशा वस्तुनिष्ठ निकषांवर नोंदी निवडता येतात. नोंदवणाऱ्या दलालाच्या नावावरून त्या वगळता येत नाहीत.
* नोंदींचा अनधिकृत वापर रोखावा लागतो; मात्र मान्यताप्राप्त शोधयंत्रांनी पाने अनुक्रमित करण्यास बंदी नाही.

याखेरीज १९६८ चा फेअर हाउसिंग ॲक्ट वंश, वर्ण, धर्म व राष्ट्रीय मूळ यांवरून घरांच्या व्यवहारांत भेदभाव करण्यास मनाई करतो. त्यात १९७४ साली लिंग आणि १९८८ साली अपंगत्व व कौटुंबिक स्थिती यांची भर पडली. त्यामुळे वस्तीच्या लोकसंख्येसंबंधी गाळणी कायदेशीर अडचण निर्माण करू शकतात. गुन्हेगारीचे नकाशे अशा भेदभावाला हातभार लावतात, या कारणाने २०२१ मध्ये रिअल्टर डॉट कॉमने ते काढून टाकले.

## वाद आणि बदल

सप्टेंबर २००५ मध्ये अमेरिकी न्याय विभागाने एनएआरविरुद्ध स्पर्धाविरोधी वर्तनाचा दावा दाखल केला. महाजालावरून काम करणाऱ्या दलालांपासून नोंदी रोखून धरण्याची मुभा संघटनेचे धोरण देते, असा त्यात आरोप होता. २००८ साली तडजोड होऊन असा भेदभाव करता येणार नाही, हे मान्य करण्यात आले. ग्राहकाची नोंदणी आवश्यक असलेल्या 'आभासी कार्यालय' संकेतस्थळांसाठीचे स्वतंत्र नियम याच वादाशी निगडित आहेत.

झिलोने जानेवारी २०२१ पासून दलाली परवान्याच्या आधारे आयडीएक्स नोंदी घेण्यास सुरुवात केली. तोवर ही व्यवस्था मोठ्या संकेतस्थळांना तोंड देण्याचे लहान दलालांचे साधन मानली जात होती. आता दोहोंकडे बहुतांश तीच घरे दिसू लागली. परिणामी केवळ नोंदींची संख्या हे लहान संकेतस्थळाचे वैशिष्ट्य उरले नाही आणि स्थानिक माहितीचे महत्त्व वाढले.

मार्च २०२४ मध्ये एनएआरने दलालीविषयक खटल्यांत ४१.८ कोटी डॉलरची तडजोड जाहीर केली. तिच्यानुसार १७ ऑगस्ट २०२४ पासून खरेदीदाराच्या दलालाला देऊ केलेला मोबदला एमएलएसमध्ये नोंदवता येत नाही. पुरवठादारांनाही हा रकाना आपल्या प्रणालींतून काढावा लागला.

## कॅनडा आणि भारत

कॅनडात राष्ट्रीय दलाल संघटनेची डेटा डिस्ट्रिब्युशन फॅसिलिटी ही अशाच स्वरूपाची व्यवस्था आहे. टोरांटोतील दलाल मंडळाने विक्री-किमतींसारखी माहिती सदस्यांच्या संकेतस्थळांवर देण्यास नकार दिल्याने स्पर्धा आयुक्तांनी २०११ साली कारवाई सुरू केली. ऑगस्ट २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंडळाचा अर्ज फेटाळल्यानंतर ही माहिती खुली झाली.

भारतात अमेरिकेसारखी सर्व दलालांना बांधून घेणारी सामायिक नोंदसेवा रूढ नाही. घरमालक, एजंट व विकासक आपापल्या जाहिराती नाइन्टीनाइन एकर्स, मॅजिकब्रिक्स यांसारख्या खाजगी संकेतस्थळांवर स्वतंत्रपणे देतात. त्यामुळे एकच सदनिका अनेक एजंटांच्या नावे वेगवेगळ्या किमतीत दिसू शकते. स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ अन्वये नोंदणीकृत गृहप्रकल्पांची माहिती मात्र सार्वजनिक असते. महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून कार्यरत असलेल्या महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पांचे व एजंटांचे नोंदणी क्रमांक पडताळता येतात. प्रकल्पांच्या जाहिरातींत क्यूआर कोड देणे १ ऑगस्ट २०२३ पासून बंधनकारक आहे. पुनर्विक्रीच्या घरांसाठी अशी पडताळणीची मध्यवर्ती यादी नसल्याने, भारतीय संकेतस्थळांवर नोंद खरी व ताजी असल्याची खात्री खरेदीदारालाच करून घ्यावी लागते.