शरीराचे वजन आणि जैविक वय

जैविक वय म्हणजे जन्मतारखेवरून मोजलेले नव्हे, तर पेशी, ऊती आणि अवयव यांच्या झिजेवरून ठरविलेले शरीराचे वय होय. एकाच वर्षी जन्मलेल्या दोन व्यक्तींचे जैविक वय भिन्न असू शकते, आणि या फरकामागील कारणांत शरीराच्या वजनाची गणना होते. मात्र हा संबंध सरळ नाही. वजनात चरबी किती व स्नायू किती, चरबी कोठे साठली आहे आणि वजन आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर वाढले वा घटले, या गोष्टी काट्यावरील आकड्यापेक्षा अधिक निर्णायक ठरतात. भारतीयांच्या बाबतीत हे प्रामुख्याने महाराष्ट्रात झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले.

मापन

देहयष्टी पाहून वय ओळखण्याची पद्धत जुनी असली तरी फसवी आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वाढलेले धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्यापर्यंत पायी गेले असता, लहान चणीमुळे ते सतरा वर्षांचे वाटत नाहीत, या कारणास्तव त्यांना परीक्षेस बसू दिले गेले नाही. तेच कर्वे पुढे १०४ वर्षे जगले. एका उदाहरणावरून नियम सिद्ध होत नाही. परंतु बाह्य रूप आणि वय यांची सांगड किती सैल असते, हे त्यातून दिसते.

प्रयोगशाळेत जैविक वयाचे अनुमान मुख्यतः दोन खुणांवरून करतात. पहिली खूण म्हणजे गुणसूत्रांच्या टोकांशी असणारे टेलोमिअर. पेशीविभाजनाबरोबर ते आखूड होत जातात. ब्रिटनमधील १,१२२ स्त्रियांच्या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लठ्ठ आणि सडपातळ स्त्रियांच्या टेलोमिअरमधील फरक सुमारे ८.८ वर्षांच्या वयवाढीइतका आढळला. दुसरी खूण डीएनएवरील मेथिल गटांची आहे. स्टीव्ह होर्वाथ यांनी २०१३ मध्ये अशा ३५३ स्थानांवरून वय सांगणारे गणित मांडले. पुढच्याच वर्षी त्यांच्या गटाला असे दिसले की शरीर वस्तुमान निर्देशांक (किलोग्रॅममधील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) १० अंकांनी अधिक असल्यास यकृताचे जैविक वय सरासरी ३.३ वर्षांनी अधिक भरते. रक्त व स्नायू यांत मात्र असा परिणाम आढळला नाही. म्हणजेच एकाच शरीरातील अवयवही एका गतीने म्हातारे होत नाहीत.

पोटातील अवयवांभोवती साठणारी चरबी ही केवळ ऊर्जेचा साठा नसते. तिच्यातून दाह वाढविणारी द्रव्ये स्रवतात, इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो आणि विभाजन थांबलेल्या, तरीही न मरणाऱ्या जीर्ण पेशी साचत जातात. वृद्धत्वातही शरीरात हेच बदल घडतात. लठ्ठपणात ते लवकर सुरू होतात.

पुण्यातील संशोधन

पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा पोषणविषयक अभ्यास सुरू झाला. तेथील नवजात बालकांची तुलना इंग्लंडमधील साउथहॅम्प्टनच्या बालकांशी केली असता पुण्याकडील बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलोग्रॅम, तर साउथहॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलोग्रॅम भरले. वजनातील ही तूट मुख्यतः स्नायूंची व पोटातील अवयवांची होती. पाठीवरच्या त्वचेखालील चरबी त्या मानाने पुष्कळ टिकून होती. दिसण्यात कृश, पण घडणीत मेदयुक्त अशा या बाळांच्या मातांचा सरासरी निर्देशांक अवघा १८.१ होता.

हेच वैशिष्ट्य प्रौढांतही दिसते. याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण छायाचित्रासह दिले. दोघांचा निर्देशांक २२.३ होता, शरीरातील चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाली. याच कारणाने भारतीयांसाठी २३ पासून अतिवजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, तर जागतिक मर्यादा अनुक्रमे २५ व ३० आहेत. कंबरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपर्यंत पोहोचल्यास धोका मानला जातो.

रत्नागिरी जिल्हा

कोकणात हा प्रश्न कमी वजनापासून सुरू होतो. चिपळूण तालुक्यातील डेरवण येथील वालावलकर रुग्णालयाने १६ ते १८ वर्षे वयाच्या ग्रामीण मुलींचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला आहे. त्यांचे आजचे पोषण, पुढील मातृत्व आणि प्रौढपणीचे मधुमेह, हृदयविकार यांचा परस्परसंबंध शोधणे हा त्याचा हेतू आहे. कृश मुलगी कृश माता होते आणि तिच्या अपत्याच्या शरीराची घडण गर्भातच ठरू लागते, हा विचार त्यामागे आहे.

गर्भावस्थेतील उपासमारीचा वार्धक्याशी थेट संबंध नेदरलँड्समध्ये तपासला गेला. १९४४–४५ च्या दुष्काळात गर्भात असलेल्या व्यक्तींचा वृद्धत्वाचा वेग सहा दशकांनंतर अधिक असल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. स्त्रियांत हा परिणाम अधिक ठळक होता. कोकणातील अपुरे पोषण एका हिवाळ्याचे नसून पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे, त्यामुळे तो निष्कर्ष येथे जसाच्या तसा लावणे योग्य ठरणार नाही. गावी कृश जन्मून मुंबईत बैठ्या कामावर स्थूल होणाऱ्या चाकरमान्यांच्या बाबतीत तर दोन्ही टोके एकाच आयुष्यात येतात.

वजन घटविणे आणि वृद्धापकाळ

अमेरिकेतील ‘कॅलरी’ प्रयोगात लठ्ठ नसलेल्या सुमारे २२० प्रौढांपैकी एका गटाला दोन वर्षे उष्मांक एक-चतुर्थांशाने कमी करण्यास सांगितले. प्रत्यक्षात त्यांना सुमारे १२ टक्केच घट साधली. तरीही वृद्धत्वाचा वेग एका मापनानुसार २ ते ३ टक्क्यांनी मंदावला. अन्य दोन मापनांत मात्र फरक पडला नाही.

साठीनंतर हिशेब उलटतो. या वयात आपोआप घटणारे वजन बहुधा स्नायूंचे असते, आणि त्याबरोबर पडण्याचा, हाड मोडण्याचा व मृत्यूचा धोका वाढतो. त्यामुळे मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७–१८ मध्ये ४५ वर्षांवरील व्यक्तींच्या राष्ट्रीय पाहणीत वजन व कंबरेच्या घेराबरोबरच हाताच्या पकडीची ताकद आणि चालण्याचा वेगही मोजला.