हिटलर हे आडनाव गेलं कुठे? एका नोंदवहीतून आलेल्या दुर्मीळ आडनावाची गोष्ट

विसाव्या शतकात जगभर सर्वाधिक घेतल्या गेलेल्या आडनावांपैकी एक. पण आज जर्मनीत किंवा ऑस्ट्रियात ते लावणारा माणूस शोधून सापडणं कठीण. १९४५ नंतर लोकांनी हे आडनाव टाकलं, एवढंच त्याचं कारण आहे का?

जर्मनीच्या टेलिफोन डिरेक्टरीत म्युलर, श्मिट, श्नायडर, फिशर या आडनावांची पानंच्या पानं भरलेली असत. म्युलर म्हणजे गिरणीवाला, श्मिट म्हणजे लोहार, श्नायडर म्हणजे शिंपी, फिशर म्हणजे मासेमार. मात्र ज्या एका आडनावानं जर्मनीचा इतिहास कायमचा बदलला, ते या डिरेक्टरीत जवळपास नव्हतंच.

‘युद्धानंतर सगळ्या हिटलरांनी नाव बदललं,’ असं याचं उत्तर सहसा दिलं जातं. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धंच. हे आडनाव या स्पेलिंगमध्ये आधीपासूनच दुर्मीळ होतं. अ‍ॅडॉल्फ हिटलरच्या घराण्यात तर ते त्याच्या जन्माच्या जेमतेम १३ वर्षं आधी आलं. तेही एका नोंदवहीत केलेल्या दुरुस्तीमुळे.

आडनावाचा अर्थ काय?

जर्मन आडनावांचे ढोबळमानानं पाच प्रकार मानले जातात. वडिलांच्या नावावरून आलेली, व्यवसायावरून आलेली, मूळ गाव किंवा प्रदेश सांगणारी, राहण्याची जागा सांगणारी आणि टोपणनावावरून रूढ झालेली.

हिटलर हे बहुधा चौथ्या प्रकारातलं, म्हणजे राहण्याच्या जागेवरून आलेलं आडनाव आहे. जर्मन भाषेत ‘ह्युटं’ म्हणजे झोपडी. झोपडीत राहणारा, थोडकी जमीन कसणारा तो ‘ह्युटलर’. दुसऱ्या मतानुसार बव्हेरिया-ऑस्ट्रियाच्या बोलीत जमिनीखालून वाहणाऱ्या झऱ्याला ‘हीडल’ म्हणत, त्यावरून ‘हीडलर’ आलं. दोन्ही अर्थ एकाच थरातल्या माणसांकडे नेतात. गावाच्या कडेला राहणारे छोटे शेतकरी आणि कष्टकरी, असा हा थर.

ऑस्ट्रियाच्या उत्तरेकडील वाल्डफिर्टल या जंगलपट्टीत हीडलर, ह्युटलर अशी रूपं पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. एकाच घरातल्या दोन भावांची आडनावं वेगवेगळ्या स्पेलिंगनं लिहिलेली आढळतात. जन्म, लग्न आणि मृत्यूच्या नोंदी तेव्हा चर्चचा पाद्री ठेवत असे. तो कानाला जे ऐकू येईल ते लिहायचा. स्पेलिंग चुकलं म्हणून कुणाचं काही अडत नव्हतं.

१८७६ मध्ये काय घडलं?

अ‍ॅडॉल्फचे वडील अलॉइस यांचा जन्म ७ जून १८३७ रोजी श्ट्रोनेस या खेड्यात झाला. त्यांची आई मारिया आना शिक्लग्रुबर अविवाहित होती. डोलर्सहाइमच्या चर्चमधल्या नोंदवहीत वडिलांच्या नावाची जागा रिकामी राहिली आणि मुलाला आईचं आडनाव मिळालं.

१८४२ मध्ये मारिया आनानं योहान गेऑर्ग हीडलर याच्याशी लग्न केलं. अलॉइस मात्र योहानच्या भावाकडे, म्हणजे योहान नेपोमुक ह्युटलरकडे वाढला. १८४७ मध्ये आई वारली, १८५७ मध्ये योहान गेऑर्गही गेला. अलॉइस पुढे सीमाशुल्क खात्यात नोकरीला लागला आणि कमी शिक्षण असूनही चांगल्या हुद्द्यावर पोहोचला. तोपर्यंत त्याचं आडनाव शिक्लग्रुबरच होतं.

जून १८७६ मध्ये, वयाच्या साधारण ३९व्या वर्षी, तो वाइट्रा गावातल्या नोटरीसमोर उभा राहिला. योहान गेऑर्ग हाच आपला बाप होता आणि त्यानं ते मान्य केलं होतं, असं तीन साक्षीदारांनी सांगितलं. त्या जबाबाच्या आधारावर डोलर्सहाइमच्या पाद्र्यानं जुन्या नोंदवहीत वडिलांची रिकामी जागा भरली. तेव्हा आई-वडील दोघंही हयात नव्हते. बाप ठरवला गेलेला माणूस जाऊन १९ वर्षं झाली होती.

या कागदपत्रांत आडनाव हीडलर किंवा ह्युटलर असं न येता ‘हिटलर’ असं आलं. ते ऐकण्यातल्या चुकीमुळे झालं की मुद्दाम लिहिलं गेलं, याचा खुलासा कागदपत्रांत नाही. १८७७ पासून अलॉइस याच नावानं सही करू लागला. योहान नेपोमुककडून मिळणाऱ्या वारशासाठी ही खटपट झाली असावी, असं अनेक इतिहासकारांना वाटतं.

अलॉइसचा खरा बाप योहान गेऑर्ग की योहान नेपोमुक, यावर आजही मतभेद आहेत. तो ज्यू होता, ही सोशल मीडियावर वारंवार फिरणारी गोष्ट मात्र पुराव्याअभावी बहुतेक इतिहासकारांनी नाकारली आहे.

हिटलरचं खरं आडनाव शिक्लग्रुबर होतं का?

नाही. अ‍ॅडॉल्फचा जन्म २० एप्रिल १८८९ रोजी ब्राउनाउ या गावात झाला. तोपर्यंत वडिलांचं आडनाव बदलून १२-१३ वर्षं लोटली होती. तो जन्मापासून हिटलरच होता. दुसऱ्या महायुद्धात त्याची टिंगल करण्यासाठी मित्रराष्ट्रांच्या प्रचारात शिक्लग्रुबर हे नाव वापरलं गेलं आणि हा गैरसमज पक्का झाला.

या बदलाचं महत्त्व इतरांनाही जाणवलं होतं. अमेरिकी पत्रकार विल्यम शायरर यांनी नाझी जर्मनीच्या इतिहासावरच्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात प्रश्न उपस्थित केला आहे, की शिक्लग्रुबर या अवजड नावाचा माणूस सत्तेपर्यंत पोहोचला असता का? घोषणेसाठी दोन अक्षरी, ठसकेबाज नाव सोयीचं होतं, हे खरं. पण नावामुळे सत्ता मिळाली असं म्हणणं म्हणजे त्या काळची बेकारी, महायुद्धातला पराभव आणि द्वेषाचं राजकारण बाजूला सारणं ठरेल.

आज हे आडनाव किती जणांचं आहे?

यासाठी आधी आडनावं मोजतात कशी, ते पाहावं लागेल. जर्मनीचं सांख्यिकी कार्यालय आडनावनिहाय आकडे प्रसिद्ध करत नाही. अभ्यासकांनी त्यावर एक मार्ग काढला. २००५ मधल्या सुमारे २.८ कोटी खासगी लँडलाइन जोडण्यांचा डेटा त्यांनी वापरला. त्यात सुमारे साडेआठ लाख वेगवेगळी आडनावं निघाली. त्यावरून जर्मन आडनावांचा अ‍ॅटलास तयार झाला. माइन्झमधल्या विज्ञान व साहित्य अकादमीचा आडनावांचा डिजिटल कोशही याच डेटावर उभा आहे. आडनाव कुठे दाट आहे आणि कुठे विरळ, हे त्यात नकाशावर दिसतं.

२००५ चं वर्ष जुनं वाटेल, पण त्यामागे कारण आहे. त्यानंतर मोबाइल वाढले, लँडलाइन घटले. त्यामुळे नंतरचा डेटा आणखी अपुरा ठरला असता.

तरीही या पद्धतीची मर्यादा दुर्मीळ आडनावांच्या बाबतीत जास्त जाणवते. म्युलरच्या बाबतीत शंभर नोंदी इकडेतिकडे झाल्या तरी चित्र बदलत नाही. पण ज्या आडनावाच्या नोंदी हाताच्या बोटांवर मोजता येतील, तिथे एक टायपिंगची चूकही आकडा फिरवते. शिवाय, फोन नंबर यादीत छापू नका असं सांगण्याचं सर्वांत जास्त कारण हिटलर आडनावाच्या माणसाकडेच असणार. म्हणून ‘जगात इतके हिटलर आहेत’ असा नेमका आकडा कुणी सांगत असेल, तर तो जपूनच घ्यावा.

हीडलर, ह्युटलर, ह्युटनर ही नात्यातली रूपं मात्र आजही सहज आढळतात. अर्थ तोच आणि मूळही तेच, फक्त स्पेलिंगनं त्यांना वाचवलं.

कुटुंबातल्यांनी काय केलं?

अलॉइसच्या वंशात हे आडनाव पुढे नेऊ शकणारे पुरुष मोजकेच होते. अ‍ॅडॉल्फला मूलबाळ नव्हतं. सावत्र भाऊ अलॉइस ज्युनिअर युद्धानंतर ‘हिलर’ या नावानं राहिला. त्याचा धाकटा मुलगा हाइन्झ १९४२ मध्ये सोव्हिएत कैदेत मरण पावला.

थोरला मुलगा विल्यम पॅट्रिक हिटलर याचा जन्म १९११ मध्ये इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचा, आई आयरिश. १९३९ मध्ये तो अमेरिकेत गेला आणि काकाविरुद्ध उघडपणे बोलू-लिहू लागला. १९४४ मध्ये तो अमेरिकी नौदलात भरती झाला. हिटलर आडनावाचा तरुण हिटलरविरुद्धच्या युद्धात उतरला, म्हणून त्याची मोठी बातमी झाली. युद्धानंतर त्यानं स्टुअर्ट-ह्यूस्टन हे आडनाव घेतलं आणि न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर शांतपणे संसार केला. १९८७ मध्ये त्याचं निधन झालं.

अ‍ॅडॉल्फची सख्खी बहीण पाउला तर युद्धाच्या आधीपासूनच ‘वोल्फ’ हे आडनाव लावत होती. १९६० मध्ये ती वारली. १८७६ मध्ये सुरू झालेलं हे आडनाव त्या घरातून शंभर वर्षांच्या आतच पुसलं गेलं.

ओहायोतला हिटलर रोड

पण हिटलर या स्पेलिंगचं आडनाव फक्त याच घराण्याचं नव्हतं. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात सर्कलव्हिल गावाच्या परिसरात एकोणिसाव्या शतकापासून हिटलर आडनावाचं शेतकरी कुटुंब राहत होतं. त्या कुटुंबातल्या एकाचं नाव चक्क जॉर्ज वॉशिंग्टन हिटलर होतं. या घराण्यात गावचा दंतवैद्यही होऊन गेला. ऑस्ट्रियातल्या हिटलरशी त्यांचा काही संबंध नव्हता.

त्या कुटुंबाच्या नावाचे ‘हिटलर रोड’ आजही तिथे आहेत. नवख्या माणसाला पाटी पाहून धक्का बसतो. गावकऱ्यांसाठी ती पाटी म्हणजे या मातीत राबलेल्या शेजाऱ्यांची आठवण आहे.

आडनाव बदलणं किती सोपं?

ऑस्ट्रियात आज शुल्क भरून पसंतीचं आडनाव घेता येतं. जर्मनीत मात्र ‘महत्त्वाचं कारण’ दाखवावं लागतं. आडनाव हास्यास्पद किंवा अश्लील वाटत असेल, लिहायला फार अवघड असेल किंवा म्युलर-श्मिटसारखं इतकं सर्रास असेल की ओळख पटवताना घोळ होतो, तर अर्ज मान्य होऊ शकतो. १ मे २०२५ पासून तिथे पती-पत्नींना जोडआडनाव घेण्याची मुभा मिळाली. पण मनाला वाटलं म्हणून आडनाव बदलता येत नाही.

यातला सर्वांत अस्वस्थ करणारा तपशील म्हणजे ‘महत्त्वाचं कारण’ मागणारा हा कायदा. तो ५ जानेवारी १९३८ चा, म्हणजे हिटलरच्याच राजवटीतला आहे. वेळोवेळी दुरुस्त्या होऊन तो अजून लागू आहे. म्हणजे युद्धानंतर जर्मनीतल्या ज्या कुणाला हिटलर या आडनावापासून सुटका हवी होती, त्याला अर्ज हिटलरच्या काळातल्या कायद्याखालीच करावा लागला.

या कायद्याचा त्या काळातला वापर भीषण होता. १७ ऑगस्ट १९३८ रोजी त्याखाली एक आदेश निघाला. सरकारनं ज्यू म्हणून मान्य केलेल्या यादीतलं नाव ज्यांचं नव्हतं, अशा ज्यूंना १ जानेवारी १९३९ पासून आणखी एक नाव लावणं सक्तीचं झालं. पुरुषांनी ‘इस्रायल’ आणि स्त्रियांनी ‘सारा’. पासपोर्टवर, अर्जावर, सहीत हे नाव आलंच पाहिजे होतं. याच वर्षी ज्यूंच्या पासपोर्टवर लाल अक्षरात ‘जे’ हा शिक्का बसू लागला. पुढे ज्यूंना वेचून काढताना नावांवरच्या या खुणा यंत्रणेच्या कामी आल्या. युद्ध संपल्यावर मित्रराष्ट्रांनी हा आदेश रद्द केला.

आणि आपल्याकडे?

मराठीत हिटलर हे आडनाव उरलेलंच नाही, ते विशेषण झालं आहे. कडक शिक्षक ‘हिटलर’ असतो, मनमानी कारभार ‘हिटलरशाही’ असते. हा सैलपणा कधीकधी अंगाशी येतो. २००६ मध्ये नवी मुंबईतल्या खारघरमध्ये हिटलरच्या नावाचं रेस्टॉरंट सुरू झालं. मुंबईतल्या ज्यू समाजानं निषेध नोंदवला आणि काही दिवसांतच मालकांना नाव बदलावं लागलं. ज्यांचे नातेवाईक छळछावण्यांत मारले गेले, त्यांच्यासाठी ती केवळ लक्ष वेधून घेणारी पाटी नव्हती.

डोलर्सहाइम आणि श्ट्रोनेसचं पुढे काय झालं? १९३८ मध्ये जर्मन लष्करानं हा भाग सरावासाठी ताब्यात घेतला. सुमारे सात हजार माणसांना घरं सोडावी लागली. श्ट्रोनेस नष्ट झालं आणि तो परिसर आजही लष्कराच्या ताब्यात आहे. ज्या खेड्यात अलॉइस शिक्लग्रुबर जन्मला ते खेडं राहिलं नाही, त्याला मिळालेलं आडनाव त्याच्या घरात राहिलं नाही. पाद्र्यानं दुरुस्ती केलेली ती नोंदवही मात्र टिकली.