मधले पद गळाले की

अहिल्यानगरहून पाथर्डीच्या रस्त्याला लागले की शहा डोंगराच्या माथ्यावरची अष्टकोनी इमारत लांबूनच दिसू लागते. तिला सगळे चांदबिबीचा महाल म्हणतात. रिक्षावाल्याला तेच नाव सांगावे लागते आणि सहलीला निघालेल्या शाळेच्या पत्रकातही तेच छापलेले असते. प्रत्यक्षात तो महाल नाही आणि चांदबिबीचा तर नाहीच. मुर्तझा निजामशहाचा वजीर दुसरा सलाबतखान याची ती कबर आहे. उंच चौथरा, त्यावर एकावर एक कमानींचे तीन मजले, मधे पोकळ अष्टकोनी दालन आणि खाली तळघर. तळघरात उतरले की एकदम गारवा आणि अंधार लागतो. वर मात्र कमानींतून वारा आरपार घोंगावत असतो. सलाबतखान १५८९ मध्ये वारला. चांदबिबीने नगरचा भुईकोट किल्ला मोगलांविरुद्ध लढवला तो १५९५-९६ मध्ये. म्हणजे ज्या पराक्रमामुळे तिचे नाव घराघरात गेले, तो घडायच्या आधीच या वास्तूचा धनी तळघरात विसावला होता.

यावर जाणकारांचा शेरा ठरलेला असतो : नाव चुकीचे आहे, लोकांना इतिहास ठाऊक नाही. हा शेरा मला अपुरा वाटतो. दिशाभूल करणारी म्हणून जी नावे दाखवली जातात, त्यांतली पुष्कळशी खोटी नसतात. आपण त्यांचा विग्रह चुकीचा करतो. मराठी शाळेत मध्यमपदलोपी समास शिकवतात, त्याचे नेहमीचे उदाहरण म्हणजे साखरभात. साखर घालून केलेला भात, यातले ‘घालून केलेला’ हे पद गळते आणि बोलणाऱ्या-ऐकणाऱ्याला ते ठाऊक असल्यामुळे काही बिघडत नाही. स्थळांची नावे बहुधा अशीच घडतात. फरक इतकाच, की साखरभात रोज कुठे ना कुठे शिजतो, म्हणून मधले पद विसरले जात नाही. स्थळाच्या नावातले पद चारशे वर्षांत पार हरवते. मग त्या रिकाम्या जागी आपण सवयीने एकच पद भरतो : ‘ने बांधलेला’ किंवा ‘च्या मालकीचा’.

जिथे मधले पद अजून शाबूत आहे तिथे कोणी फसत नाही. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा अकोले तालुक्यात, घाटमाथ्यावर आहे. कोकणात नाही. तरी ट्रेकला जाणारा कोणीही तो शोधायला ठाण्याच्या खाडीकडे वळत नाही, कारण कड्यावर उभे राहिले की कोकण पायाखाली पसरलेले दिसते. कोकणाकडे पाहणारा तो कोकणकडा. नगर शहरातला दिल्ली दरवाजाही दिल्लीकरांनी बांधलेला नव्हे, दिल्लीच्या वाटेचा आहे. दमडी मशिदीचे जरा वेगळे आहे. ‘दमडीची किंमत नाही’ असे आपण रोज म्हणतो, त्यामुळे नाव ऐकून एखादी किरकोळ, पडझड झालेली वास्तू डोळ्यांपुढे येते. समोर दिसते ते मात्र नगरमधले अत्यंत नजाकतीचे दगडी कोरीव काम. मशीद १५६७ ची आहे आणि किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी दमडी दमडी जमवून ती उभी केली असे परंपरेने सांगतात. इथे गळालेले पद कळले, की क्षुल्लकपणा सांगणारा शब्द एकदम शेकडो कष्टकऱ्यांच्या हातांची आठवण करून देतो.

आता पुन्हा चांदबिबीकडे. ‘महाल’ हा शब्द पाहणाऱ्याच्या डोळ्यांतून आला असावा. कबर म्हटली की आपल्याला घुमट आणि बंदिस्त भिंती आठवतात. इथे तिन्ही मजल्यांवर खुल्या कमानी आणि वर गेले की भोवतालचा सारा मुलूख नजरेत येतो. अशी हवेशीर इमारत राहण्यासाठीच असणार, हा अंदाज निष्काळजी म्हणता येत नाही. आणि चांदबिबीच का? ती हुसेन निजामशहाची मुलगी, विजापूरच्या अली आदिलशहाची विधवा. माहेरचा किल्ला वेढ्यात सापडला तेव्हा ती तटावर उभी राहिली, सुरुंगाने पडलेले खिंडार रातोरात बुजवून घेतले आणि १६०० मध्ये आपल्याच माणसांच्या संशयाला बळी पडली. अशा बाईची आठवण ठेवायला नगरकरांना एक उंच, दुरून दिसणारी जागा हवी होती असे मला वाटते, आणि जिल्ह्यात याहून ठळक जागा नव्हती. चांदबिबीच्या आठवणीचा महाल असा विग्रह केला, तर नाव तंतोतंत खरे ठरते. असे इतरत्रही घडले आहे. नाशिकच्या बौद्ध लेण्यांतल्या शिलालेखांत डोंगराचे नाव तिरण्हु असे कोरलेले आहे, तरी लोकांनी त्यांना पांडवलेणी म्हटले. लंडनमध्ये नदीकाठी उभा असलेला इजिप्तचा दगडी स्तंभ क्लिओपाट्राची सुई म्हणून ओळखला जातो. तो घडवून घेणारा राजा तिच्या सुमारे चौदाशे वर्षे आधीचा होता.

यावर एक आक्षेप खरोखरच वजनदार आहे. चांदबिबीच्या आठवणीपायी सलाबतखान पुसला गेला, त्याचे काय? शहराच्या पाण्याची आणि बागांची कामे पाहणारा, निजामशाहीचा कारभार वाहिलेला हा माणूस स्वतःच्याच कबरीत अनोळखी झाला. हा अन्याय आहे आणि विग्रहाच्या युक्तीने तो झाकू नये. पण उपाय म्हणून लोकांच्या तोंडचे नाव पुसले, तर एका स्मृतीला न्याय देताना दुसरीवर अन्याय होईल. वास्तू केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, सरकारी दफ्तरात ती सलाबतखानाची कबरच आहे. ते नाव डोंगरावर येणाऱ्या प्रत्येकाला मराठीत, मोठ्या अक्षरांत, चढण संपताच वाचायला मिळायला हवे, आणि खाली हेही, की लोक तिला चांदबिबीचा महाल का म्हणतात. दोन्ही माहिती एकाच फलकावर सहज मावते.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. असे समजून घेत बसलो तर कुठलीही चूक खपवता येईल. नाही, त्यालाही मर्यादा आहे. दौंड-मनमाड रेल्वेमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला, तेव्हा आसपासचे नावाजलेले गाव म्हणजे काही किलोमीटरवरचे प्रवराकाठचे बेलापूर. बेलापूरला जाण्यासाठी उतरायचे स्थानक, म्हणून स्थानकाचे नाव बेलापूर. पुढे भंडारदऱ्याच्या धरणाचे पाणी कालव्यांतून आले, ऊस आला, साखर कारखाने आले, आणि स्थानकाभोवतीच श्रीरामपूर हे शहर वाढले. शहराने स्वतःचे नाव घेतले, स्थानक मात्र बेलापूरच राहिले. त्यातच नवी मुंबईतही एक बेलापूर स्थानक आहे. नवखा प्रवासी इथे खरोखर गोंधळू शकतो, आणि ज्या नावाने माणूस चुकीच्या ठिकाणी उतरू शकतो त्याला निदान शेजारच्या गावाची जोड द्यायला हवी. आठवण सांगणारे नाव वेगळे आणि वाट दाखवणारे नाव वेगळे. दुसऱ्याने अचूकच असले पाहिजे.

जिल्ह्याच्या नावालाही हाच विग्रह लावून पाहावा. अहमद निजामशहाने पंधराव्या शतकाच्या अखेरीस वसवलेले ते अहमदनगर. २०२४ मध्ये ते अहिल्यानगर झाले, जामखेड तालुक्यातल्या चोंडी गावी १७२५ मध्ये जन्मलेल्या अहिल्यादेवींच्या गौरवासाठी. एका नावातले गळालेले पद संस्थापक सांगते, दुसऱ्यातले आदर. एसटीच्या फलाटावर मात्र माणसे पूर्वीही ‘नगरची गाडी लागली का?’ असे विचारत आणि आजही तसेच विचारतात.

माझ्या मते जिल्ह्यातले सर्वांत दिशाभूल करणारे नाव कुठल्या वास्तूचे नाही, माळरानाचे आहे. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांच्या माळांवर १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झाले, तेव्हा त्याचे क्षेत्र जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटर होते. पुढे ते कमी होत बाराशेच्या आसपास आले. आज तिथे काळवीट दिसते, लांडगा दिसतो, माळढोक जवळजवळ दिसत नाही. देशभरात मिळूनही हा पक्षी दोनशेपेक्षा कमी उरला आहे आणि जे आहेत ते मुख्यतः राजस्थानात. ‘माळढोक असलेले अभयारण्य’ हा विग्रह आता टिकत नाही. ‘माळढोकासाठी राखलेले’ हा टिकवणे अजून आपल्या हातात आहे. त्यासाठी गवत हवे, खुल्या माळावर उंच तारा नकोत आणि विणीच्या दिवसांत तिथे पाऊल पडायला नको, कारण माळढोकाची मादी बहुधा वर्षाला एकच अंडे घालते आणि तेही घरटे न बांधता, उघड्या जमिनीवर.