खताच्या पोत्यावरचं अठरावं शतक

कृषी सेवा केंद्रात पालाशासाठी जे पन्नास किलोचं पोतं मिळतं, त्याला शेतकरी नुसतं ‘पोटॅश’ म्हणतो आणि दुकानदार ‘एमओपी’. पोत्यावरचं पूर्ण नाव असतं म्युरेट ऑफ पोटॅश. रसायनशास्त्राच्या आजच्या क्रमिक पुस्तकात याच पदार्थाला पोटॅशियम क्लोराइड म्हणतात. ‘म्युरेट’ हा शब्द शास्त्रातून बाद होऊन दोन शतकं झाली, तरी बाजारात तो टिकून आहे. तो बाद कसा झाला, ही रसायनशास्त्रातली फार मोलाची गोष्ट आहे.

लॅटिनमध्ये ‘मुरिया’ म्हणजे मिठवणी. मिठावर गंधकाचा तेजाब ओतला की नाकाला झोंबणारा धूर निघतो. तो पाण्यात विरघळला की तयार होतं ते म्युरिॲटिक ॲसिड, आणि त्याचे क्षार ते म्युरेट. इथवर नावात काही खोट नव्हती. खोट शिरली ती त्याला चिकटलेल्या सिद्धांतामुळे. प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असलाच पाहिजे, अशी फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएची खात्री होती. ‘ऑक्सिजन’ हा शब्दही त्याने ग्रीकमधून ‘आम्ल निर्माण करणारा’ या अर्थानेच घडवला. (आपला ‘प्राणवायू’ या घोटाळ्यातून सहीसलामत सुटला.) म्युरिॲटिक ॲसिड हे आम्ल, म्हणजे त्यात ऑक्सिजन आणि आणखी काहीतरी असणार. ते ‘आणखी काहीतरी’ कुणी पाहिलं नव्हतं. तरीही 1789 च्या ग्रंथात लाव्हाझिएने 33 मूलद्रव्यांची जी यादी दिली, तीत त्यालाही जागा मिळाली.

स्वीडनमध्ये शीलने 1774 मध्ये याच आम्लापासून एक पिवळट हिरवा, गुदमरवणारा वायू मिळवला होता. लाव्हाझिएच्या पंथाने त्याचं नाव ठेवलं ऑक्सिम्युरिॲटिक ॲसिड. म्हणजे म्युरिॲटिक ॲसिड आणि वर जादा ऑक्सिजन. नावातच उत्तर गृहीत धरलेलं असल्यामुळे प्रश्न विचारायचं कुणाला फारसं सुचत नव्हतं.

तो लंडनमध्ये हम्फ्री डेव्हीने विचारला. वायूत ऑक्सिजन असेल तर कोळसा तो ओढून घेईल, हा साधा तर्क. डेव्हीने विजेच्या घटमालेने कोळसा पांढराशुभ्र तापवला आणि या वायूत धरला. कोळशाचं काही झालं नाही. ऑक्सिजनशी संयोग झाल्याची एकही खूण नाही. 1810 मध्ये त्याने रॉयल सोसायटीपुढे सांगितलं, की हा वायू कशाचंही संयुग नाही. मूलद्रव्यच मानला पाहिजे. नाव देताना त्याने जो शहाणपणा दाखवला, त्याचं मला प्रयोगाइतकंच कौतुक वाटतं. घटकांबद्दलचा कुठलाही सिद्धांत त्याने नावात येऊ दिला नाही. वायूचा रंग डोळ्यांना दिसतो, तेवढाच घेतला आणि ग्रीकमधल्या पिवळट हिरव्या रंगाच्या शब्दावरून ‘क्लोरिन’ म्हटलं. उद्या सिद्धांत बदलला तरी रंग बदलणार नव्हता.

पोत्यावरचा दुसरा शब्दही डेव्हीपाशीच येऊन थांबतो. लाकडाची राख पाण्यात भिजवायची, वरचं पाणी लोखंडी भांड्यात आटवायचं, तळाशी उरेल ते पॉट-ॲश, भांड्यातली राख. काच आणि साबणाचे कारखाने तिच्यावर चालत. अमेरिकेने 31 जुलै 1790 रोजी दिलेलं पहिलंवहिलं पेटंटसुद्धा पोटॅश बनवण्याच्या सुधारित रीतीलाच होतं. ऑक्टोबर 1807 मध्ये डेव्हीने किंचित ओलसर दाहक पोटॅशमधून वीज सोडली. पाऱ्यासारखे चकचकीत थेंब दिसू लागले. काही लगेच फुटून पेटले, काहींवर पांढरी साय धरली. तेव्हा तो आनंदाने खोलीभर नाचला, असं त्याच्या मदतनीस चुलतभावाने सांगितलं आहे. राखेतून निघालेल्या या धातूला त्याने नाव दिलं पोटॅशियम.

जुनी भाषा पोत्यावरच्या आकड्यांतही आहे, आणि तिथे ती खरोखर कामाची ठरते. एमओपीवर पालाश 60 टक्के लिहिलेलं असतं. हा आकडा पोटॅशियमचा नाही, पोटॅशियम ऑक्साइडचा आहे. पोत्यात पोटॅशियम ऑक्साइडचा कणही नसतो. पोटॅशियम क्लोराइडमध्ये ऑक्सिजनच नाही. एकोणिसाव्या शतकातले विश्लेषक क्षारांमधले घटक ऑक्साइडच्या रूपात मोजत, तीच रीत खतांच्या व्यापारात कायम राहिली. ऑक्साइडमध्ये पोटॅशियम असतं वजनाच्या 83 टक्के. म्हणजे पन्नास किलोच्या पोत्यात कागदोपत्री 30 किलो पालाश आणि प्रत्यक्षात 25 किलो पोटॅशियम. स्फुरदाचा फरक आणखी मोठा आहे. डीएपीच्या 18:46:0 मधल्या 46 मध्ये मूळ फॉस्फरस सुमारे 20 च.

यात शेतकऱ्याची फसवणूक नाही. कृषी विद्यापीठांच्या शिफारशीही याच ऑक्साइडच्या मापात असतात, त्यामुळे हिशेब जुळतो. घोळ होतो तो दोन मापं एकत्र आली की. द्राक्षबागेच्या देठ परीक्षणाच्या अहवालात पोटॅशियम मूलद्रव्य म्हणून दिलेलं असतं आणि खताच्या पिशवीवर ऑक्साइड म्हणून.

म्हणून पोत्यावरची ही दोन जुनी नावं आजच्या अर्थाने वाचावीत. ‘म्युरेट’ दिसलं की क्लोराइड समजा. द्राक्ष, तंबाखू अशा क्लोराइड न सोसणाऱ्या पिकांना त्याऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश, म्हणजे 0:0:50, देतात ते याचसाठी. आणि पालाशाचा आकडा अहवालातल्या पोटॅशियमशी ताडून पाहायचा असेल, तर आधी त्याला 0.83 ने गुणा.