जहाजाचे यंत्र बिघडते तेव्हा : विस्कळीत सागरी सफर आणि कंपनीचे प्रवाशांप्रति उत्तरदायित्व

प्रस्तावना

निलंगा–लातूर मार्गावर एसटीची गाडी बंद पडली तर पुढे काय होते, हे या भागातील प्रत्येकास ठाऊक आहे. प्रवासी खाली उतरतात, वाहक मागून येणाऱ्या गाडीस हात करतो आणि त्याच तिकिटावर प्रवाशांना जागा मिळेल तसे त्या गाडीत बसवून देतो. त्रास होतो, वेळ जातो. परंतु 'इंजिन बिघडले, सबब आमची जबाबदारी संपली' असे वाहक म्हणत नाही. वाहन ज्याचे, बिघाडही त्याचाच, हे तत्त्व येथे गृहीत धरलेले असते. हेच तत्त्व समुद्रावर गेल्यानंतर मात्र धूसर होते. ते का, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या मराठवाड्यातील वाचकास हा विषय परका वाटण्याचा संभव आहे. तथापि ऑक्टोबर 2018 मध्ये 'आंग्रिया' ही मुंबई–गोवा पर्यटननौका सुरू झाली, 2019 मध्ये 'कर्णिका' आली आणि 2021 पासून 'कॉर्डेलिया'च्या सफरी सुरू झाल्या. त्यानंतर सहल कंपन्यांच्या माहितीपत्रकांत 'क्रूझ' हा शब्द सर्रास दिसू लागला. केंद्र शासनाने सप्टेंबर 2024 मध्ये 'क्रूझ भारत मिशन' जाहीर केले. निवृत्तीनंतरची सहल म्हणून प्राध्यापक व शिक्षक कुटुंबेही आता या सफरीकडे वळू लागली आहेत. प्रवासी वाढले की तक्रारीही वाढतात, आणि त्या वेळी प्रवाशाच्या हाती तिकिटाशिवाय दुसरे काही नसते.

आपल्याकडील सागरी प्रवासविषयक चर्चा आजवर प्रामुख्याने जीवितहानीभोवती फिरत राहिली, हेही खरे आहे. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या दुर्घटनेची स्मृती कोकणात अद्याप ताजी आहे. अशा आठवणींपुढे 'जहाज गोव्याला पोहोचलेच नाही' ही तक्रार क्षुल्लक वाटते. ती तशी नाही, असे माझे मत आहे.

बिघाड आणि प्रवासक्रम

बहुसंख्य आधुनिक पर्यटन-जहाजांवर डिझेल इंजिने वीज निर्माण करतात आणि त्या विजेवर चालणाऱ्या मोटारी पंखे फिरवून जहाज पुढे नेतात. हीच वीज दिवे, वातानुकूलन, स्वयंपाकघर, पाणी आणि मैला वाहून नेणारी यंत्रणा यांनाही पुरविली जाते. त्यामुळे बिघाडाचे दोन प्रकार संभवतात. पहिल्यात जहाज चालते, पण मंदावते. मुंबई–गोवा सागरी अंतर ढोबळमानाने 250 सागरी मैल धरले, तर ताशी 18 सागरी मैल वेगाने 14 तास लागतात; वेग 12 वर आला की तेच अंतर कापण्यास 21 तास लागतात. सायंकाळी निघालेले जहाज सकाळी गोव्यास पोहोचण्याऐवजी दुपार टळल्यावर पोहोचेल. दोन-तीन रात्रींच्या सफरीत सात तासांचा विलंब म्हणजे गोव्याचा अख्खा दिवस गेला. अशा वेळी कंपनी ते बंदरच वगळून जहाज परत फिरविते.

दुसऱ्या प्रकारात जहाज निश्चलच होते. 10 फेब्रुवारी 2013 रोजी मेक्सिकोच्या आखातात 'कार्निव्हल ट्रायम्फ' या जहाजाच्या इंजिन-कक्षास आग लागली. प्रवासी व कर्मचारी मिळून चार हजारांहून अधिक माणसे जहाजावर होती. आग विझली, परंतु वीज गेली आणि शौचालये निकामी झाली. बोटींनी ओढत ओढत ते अमेरिकेतील मोबाइल बंदरात आणले गेले, तो दिवस होता 14 फेब्रुवारी. आगीने जहाजावरील कोणाचाही प्राण गेला नाही. परंतु प्रवाशांनी जे चार दिवस काढले त्यास 'सहल' म्हणता येणार नाही.

1 जुलै 2010 रोजी वा त्यानंतर बांधल्या गेलेल्या मोठ्या प्रवासी जहाजांना, विशिष्ट मर्यादेपर्यंतची आग वा पाणी शिरण्याची घटना घडली तरी स्वबळावर बंदर गाठता आले पाहिजे, असा नियम 'सोलास' या आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा करारात आहे. 'ट्रायम्फ' 1999 मधील जहाज होते, म्हणून त्यास हा नियम लागू नव्हता.

छापील अटी आणि कप्तानाचा अधिकार

जहाज कंपन्यांच्या करारपत्रांत साधारणतः एक अट आढळते : हवामान, संप, युद्ध, शासकीय आदेश, यांत्रिक बिघाड अथवा अन्य कोणत्याही कारणास्तव कंपनी पूर्वसूचनेविना प्रवासक्रम बदलू शकेल आणि त्याबद्दल प्रवाशास भरपाई मागता येणार नाही. वाचताना ही यादी सरळ वाटते. मात्र 'यांत्रिक बिघाड' हे दोनच शब्द वादळ आणि युद्धाच्या पंगतीत अलगद बसविलेले आहेत, इकडे सहसा लक्ष जात नाही. वादळ कंपनीच्या गोदीत तयार होत नाही. इंजिनाची देखभाल तेथेच होते.

या अटीच्या समर्थनार्थ सुरक्षिततेचे कारण दिले जाते. जहाज व प्रवासी यांच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक वाटेल तो निर्णय घेण्याचा कप्तानाचा अधिकार 'सोलास'नेच मान्य केला असून, जहाजमालकाने त्यास आडकाठी करू नये असेही म्हटले आहे. हे योग्यच आहे. एक मोटार बंद असताना केवळ माहितीपत्रकाचा मान राखण्यासाठी जहाज पुढे दामटावे, असे कोणीही म्हणणार नाही. परंतु निर्णय योग्य होता काय, हा एक प्रश्न आणि त्या निर्णयाचा भुर्दंड कोणी सोसावा, हा दुसरा. छापील अटी या दोन्ही प्रश्नांची सरमिसळ करतात.

हवाई वाहतुकीच्या क्षेत्रात ही सरमिसळ युरोपीय न्यायालयाने 22 डिसेंबर 2008 रोजी दूर केली. अलिटालिया कंपनीने इंजिनातील बिघाडामुळे विमानाचे उड्डाण रद्द केले होते आणि 'असाधारण परिस्थिती' असा बचाव घेतला होता. विमान चालविणाऱ्यास तांत्रिक दोषांचा सामना नित्याचाच असतो, असे न्यायालयाने म्हटले. व्यवसायाच्या नेहमीच्या व्यवहाराबाहेरील आणि कंपनीच्या खऱ्याखुऱ्या नियंत्रणापलीकडील घटनेतून दोष उद्भवला असेल तरच तो असाधारण ठरेल, असा निर्वाळा दिला. देखभालीचे किमान नियम पाळले होते, एवढे सांगून सुटका होत नाही. हा युक्तिवाद जहाजास तंतोतंत लागू पडावयास हवा.

विदेशांतील तरतुदी

प्रत्यक्षात तसे पूर्णपणे घडलेले नाही. युरोपीय संघाचे सागरी प्रवाशांच्या हक्कांविषयीचे 2010 चे विनियम डिसेंबर 2012 पासून लागू झाले. त्यांनुसार साध्या प्रवासी बोटीस ठरावीक मर्यादेपलीकडे उशीर झाल्यास भाड्याच्या 25 टक्के, व अधिक उशिरास 50 टक्के भरपाईची तरतूद आहे. परंतु पर्यटन-जहाजावरील प्रवाशांना नेमकी हीच कलमे लागू होत नाहीत. कारण समजण्याजोगे आहे : बोटीच्या प्रवाशास पोहोचावयाचे असते, तर पर्यटन-जहाजाच्या प्रवाशाचा प्रवास हाच हेतू असतो, त्याची हानी तासांत मोजता येत नाही. त्यामुळे त्यास एकत्रित सहलींविषयीच्या निराळ्या कायद्याकडे जावे लागते. तेथे ठरल्याप्रमाणे सेवा न मिळाल्यास किमतीत कपात व भरपाई मागता येते.

अमेरिकेत 'ट्रायम्फ' प्रकरणानंतर मे 2013 मध्ये जहाज कंपन्यांच्या संघटनेने प्रवासी हक्कांची सनद जाहीर केली. यांत्रिक बिघाडामुळे सफर रद्द झाल्यास पूर्ण परतावा, मध्येच संपल्यास अंशतः परतावा, नियोजित बंदरापर्यंत वा घरापर्यंत नेण्याची सोय, अनियोजित बंदरात मुक्काम पडल्यास निवास आणि वेळेवर माहिती, असे त्यातील प्रमुख हक्क होत. सनद स्वागतार्ह आहे. पण एखादे बंदर वगळले गेले आणि सफर मात्र ठरल्या दिवशी संपली, तर काय? 'रद्द' आणि 'मध्येच संपलेली' या दोन शब्दांच्या फटीतून नेहमी घडणारा प्रकारच निसटून जातो.

हानीचे मोजमाप

सहलीचा विरस ही कायद्याच्या दृष्टीने हानी आहे काय? इंग्लंडमधील अपील न्यायालयाने 1972 मध्ये स्वान टूर्स या कंपनीविरुद्धच्या दाव्यात 'आहे' असे उत्तर दिले. सुमारे 63 पौंडांच्या सहलीत माहितीपत्रकातील आश्वासने फोल ठरल्याबद्दल 125 पौंड देवविले गेले. 2010 मध्ये त्याच न्यायालयासमोर 'क्वीन व्हिक्टोरिया' या जहाजाच्या पहिल्या जगप्रवासाचे प्रकरण आले. खोलीतील कंपने व आवाज यांमुळे झोप अशक्य झाल्याने एक दांपत्य होनोलुलू येथे उतरले होते. खालच्या न्यायालयाने दिलेली 22,000 पौंडांची भरपाई 12,000 वर आणली गेली; तत्त्व मात्र कायम राहिले. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयानेही 2020 मध्ये युरोपातील नदीसफरीच्या प्रकरणात निराशेबद्दलची भरपाई ग्राह्य मानली. तेथे व्यत्यय यंत्रामुळे नव्हे, पुरामुळे आला होता. प्रवाशांना जहाजाऐवजी बसमधून फिरविले गेले. नैसर्गिक कारणाने विस्कळीत झालेल्या सफरीत भरपाई मिळू शकत असेल, तर कंपनीच्या ताब्यातील यंत्राबाबत दावा अधिकच बळकट ठरतो.

भारतीय प्रवाशापुढील मार्ग

विमानाच्या विलंबाबाबत नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने 2010 मध्येच नियम केले : अल्पोपाहार, निवास, पर्यायी उड्डाण, भरपाई. पर्यटन-जहाजांसाठी अशी स्वतंत्र नियमावली आपल्याकडे नाही. 1958 च्या नौवहन कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने 2025 मध्ये नवा कायदा संमत केला. परंतु नोंदणी, सुरक्षा, खलाशी व प्रदूषण हे अशा कायद्यांचे क्षेत्र होय. उरतो तो ग्राहक संरक्षण कायदा, 2019.

येथे निलंग्यासारख्या गावातील प्रवाशाची अडचण विशेष आहे. मुंबईकर प्रवासी धक्क्यावरून टॅक्सीने घरी जातो. आपल्याकडील कुटुंबाने मात्र त्याच रात्रीच्या लातूर एक्स्प्रेसचे आरक्षण केलेले असते. जहाज सात तास उशिरा लागले की गाडी चुकते, मुंबईत मुक्काम पडतो, दुसऱ्या दिवशी मिळेल त्या खासगी बसने परतावे लागते. या खर्चाची भरपाई मिळेल काय? करार कायदा, 1872 च्या कलम 73 नुसार, जी हानी करारभंगातून स्वाभाविकपणे उद्भवते किंवा करार करतेवेळी उभय पक्षांना संभाव्य म्हणून ज्ञात होती, तीच वसूल होते. म्हणून नोंदणी करतानाच पुढील प्रवासाची माहिती ई-मेलने कळवून ठेवणे हिताचे. या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाचा 6 सप्टेंबर 2021 चा वायव्य रेल्वेविषयक निकाल महत्त्वाचा आहे. जम्मूस जाणारी गाडी चार तास उशिरा पोहोचल्याने कुटुंबाचे श्रीनगरचे विमान चुकले व त्यांना टॅक्सी करावी लागली. विलंबाचे समर्थनीय कारण सिद्ध करण्याचा भार रेल्वेवर आहे, तो तिने पेलला नाही, असे ठरवून टॅक्सीच्या 15,000 रुपयांसह भरपाईचा आदेश कायम करण्यात आला. जहाजाच्या इंजिनाची देखभाल-नोंदवही प्रवाशाच्या हाती कधीच नसते. ती कंपनीकडे असते. तेव्हा बिघाड अटळ होता, हे सिद्ध करण्याचा भारही तिच्याकडेच असणे सयुक्तिक ठरते.

2019 च्या कायद्याने तक्रारदारास आपल्या निवासाच्या जिल्ह्यात तक्रार नोंदविण्याची मुभा दिली आहे. म्हणजे 'सर्व वाद मुंबई न्यायालयाच्या अधीन' असे तिकिटावर छापलेले असले तरी लातूरच्या जिल्हा आयोगाचा दरवाजा बंद होत नाही. करारात लवादाची अट असली तरी ग्राहक आयोगाकडे जाता येते, हे एमार एमजीएफ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2018 मध्ये स्पष्ट केले. दिलेला मोबदला 50 लाखांपर्यंत असल्यास जिल्हा आयोग, मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षे. मात्र मूळ अटच 'अनुचित करार' म्हणून रद्द करवून घ्यावयाची असेल, तर तो अधिकार राज्य व राष्ट्रीय आयोगांकडे आहे, जिल्हा आयोगाकडे नाही. बहुतेक तक्रारदार म्हणूनच अटीच्या वैधतेत न शिरता 'सेवेतील त्रुटी' एवढाच मुद्दा मांडतात, आणि व्यवहारतः तेच शहाणपणाचे आहे. सहल स्थानिक सहल कंपनीमार्फत घेतली असल्यास ती कंपनी व जहाज कंपनी या दोघांनाही विरुद्ध पक्ष करावे. अन्यथा प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवितो.

पुराव्यांमध्ये मूळ माहितीपत्रक, खोलीत दररोज मिळणारा कार्यक्रमपत्रक-कागद, बदलाची घोषणा ज्या वेळी झाली त्याची नोंद आणि वाढीव खर्चाच्या पावत्या यांना महत्त्व असते. उतरतेवेळी स्वागतकक्षात पुढील सफरीसाठी सवलतीचे कूपन दिले जाते. ते घेण्यास हरकत नाही. त्यासोबतच्या कागदावर 'पूर्ण व अंतिम तडजोड' असे शब्द असल्यास मात्र 'हक्क राखून स्वीकारले' असे लिहिल्याशिवाय सही करू नये.