जमिनीत लोह, तरी पान पिवळं

पावसाची झड लागली की वाशीम, रिसोड, मालेगावकडच्या भारी काळ्या शिवारांत सोयाबीन पिवळं पडू लागतं. शेंड्याची कोवळी पानं फिकट होतात, शिरा मात्र हिरव्याच राहतात. ही लोहाच्या कमतरतेची खूण. नवल असं, की त्या जमिनीत लोह भरपूर असतं.

अडतं ते लोहाच्या रूपापाशी. अणूने इलेक्ट्रॉन गमावला किंवा घेतला की त्याच्यावर विद्युतभार येतो आणि तो आयन होतो. दोन इलेक्ट्रॉन गमावलेलं लोह फेरस, तीन गमावलेलं फेरिक. सामू 8 च्या आसपास असलेल्या चुनखडीच्या जमिनीत फेरिक लोह पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. त्यावर सोयाबीनच्या मुळांकडे उपाय आहे: ती आम्ल सोडतात, फेरिकला इलेक्ट्रॉन देऊन त्याचं फेरस करतात आणि मगच आत घेतात. पण रानात पाणी साचलं की मातीत कार्बन डायऑक्साइड कोंडतो, चुन्यामुळे बायकार्बोनेट वाढतं आणि मुळांनी सोडलेलं आम्ल तिथल्या तिथे निकामी होतं. म्हणूनच वाफसा आल्यावर पुष्कळदा पीक आपोआप हिरवं होतं. नाही झालं तर फेरस सल्फेटची किंवा चिलेटेड लोहाची फवारणी करतात. हरितद्रव्याच्या मधोमध मॅग्नेशियम असतं, लोह नव्हे. तरी लोहावाचून हरितद्रव्य घडत नाही.

पान हिरवं झालं की साखर तयार होऊ लागते. ती सुक्रोजच्या रूपात, म्हणजे आपण चहात घालतो त्याच रूपात, खाली उतरते. तिचा एक वाटा मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंना जातो. त्या बदल्यात ते हवेतला नायट्रोजन झाडाच्या कामी आणून देतात. फुलोऱ्यातलं रोप अलगद उपटून एखादी गाठ नखाने फोडावी. आतून गुलाबी-लाल निघाली तर ती काम करते आहे. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावकीतला. इथेही लोहच!

त्याच नायट्रोजनपासून अमिनो आम्लं बनतात आणि ती एकापुढे एक जोडली जाऊन प्रथिनं. दाण्याचा सुमारे 40 टक्के भाग या लांब साखळ्यांचा, म्हणजे पॉलिमरचा असतो.

साखरेचेही पॉलिमर असतात. ज्वारीच्या दाण्यातला स्टार्च आणि कडब्यातलं सेल्युलोज, दोन्ही ग्लुकोजचीच. फरक फक्त जोडणीचा. सेल्युलोजमध्ये दर पुढचा ग्लुकोज उलटा बसतो, त्यामुळे साखळ्या सरळ राहून एकमेकींना घट्ट धरतात. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोडसर लागतो, कारण लाळ स्टार्च तोडते. सेल्युलोज तोडणारं विकर माणसाकडे नाही. कडबा पचवणाऱ्या बैलाकडेही नाही. ते काम त्याच्या पोटातले सूक्ष्मजीव करतात.

सोयाबीनमध्ये रॅफिनोज, स्टॅकिओज अशा साखरेच्या आखूड साखळ्याही असतात. त्या आपल्या लहान आतड्यात तुटत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवतात आणि पोटात वायू धरतो. मोड येताना दाणा स्वतःच त्या फोडून कोंबाला पुरवतो, म्हणून मोडाचं सोयाबीन पोटाला हलकं जातं.